दुसऱ्या मंगळवारचं पाणी

जबलपूरला जाणारी माणसं बहुतेक धुवांधार धबधबा पाहायला जातात. मी गेले होते ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात, तिथल्या एका जलशुद्धीकरण केंद्रात नेमकं काय होतं ते पाहायला. धबधबाही पाहिला, नाही असं नाही.

माझा धंदा सांगायला घेतला की नातेवाईक विषय बदलतात, म्हणून थोडक्यात आटपते. शहराचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत आता बरंचसं काम आपोआप होतं. तुरटी किती सोडायची, कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, पंप कधी चालू करायचा, हे सगळं एक यंत्रणा ठरवते आणि माणूस पडद्याकडे बघत बसतो. अशी यंत्रणा बसवताना नारळ फुटतो, फोटो निघतात. पुढची दहा-पंधरा वर्षं तिचं कोण करणार, एखादा भाग बाजारातून नाहीसा झाला तर काय, जाणता माणूस निवृत्त झाला तर काय, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. ते विचारायचं आणि त्याची योजना लिहून द्यायची, हे आमच्या पुण्यातल्या छोट्या कंपनीचं काम. लग्न लावून देणारे वेगळे, आम्ही संसाराचं बघतो.

जबलपूरच्या त्या केंद्राची सगळी नोंद मला पुण्यात बसल्या बसल्या दिसत होती. त्यात एक विचित्र गोष्ट होती. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चार तास यंत्रणा बंद, आणि कारणाच्या रकान्यात 'बिघाड'. आता यंत्र काही पंचांग पाहून बिघडत नाही. म्हणजे कोणीतरी ते जाणीवपूर्वक बंद पाडतंय, असं मी प्राथमिक अहवालात लिहिलं. खाली आमचं नेहमीचं वाक्य जोडलं: 'संबंधितांवर योग्य ती कारवाई अपेक्षित.' पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' असावं तसं हे वाक्य आमच्या अहवालांत असतं. आम्ही ते लिहितो आणि विसरतो.

सोमवार

डिसेंबरची सकाळ होती. स्वेटर, मफलर, कानटोप्या घालून अख्खं शहर चहाच्या टपऱ्यांवर उभं होतं. मी पोहे मागितले. भैयाने पोहे भरले, वर शेव पेरली आणि माझ्या डोळ्यांदेखत बशीच्या कडेला दोन गरम जलेब्या ठेवल्या. मी म्हटलं, "भैया, जलेबी मैंने नहीं मांगी." तो म्हणाला, "तो पोहा खाएंगी किससे?" पुण्यात पोह्यांवर लिंबू पिळतात. मी खाल्लं. दुसऱ्या दिवशीपासून मीच जलेबी आधी मागायला लागले.

मग कार्यालयात गेले. पाणीपुरवठ्याचे उपयंत्री, म्हणजे तिथले इंजिनियर साहेब, गोरेगोमटे, हसतमुख, बोलायला अत्यंत गोड. त्यांनी मला खुर्ची दिली, अद्रकवाली चाय दिली आणि मोठ्या कौतुकाने एक कागद दिला. "मॅडम, आपकी रिपोर्ट पर हमने फौरन एक्शन ले लिया."

ती कारणे दाखवा नोटीस होती. केंद्रप्रमुख रामटेके यांनी यंत्रणा वारंवार जाणीवपूर्वक बंद पाडली, त्यांच्यावर कारवाई का करू नये? शब्द माझेच होते. रामटेके तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. "बस, बुधवार तक आप फायनल रिपोर्ट में कन्फर्म कर दीजिए," साहेब म्हणाले, "फिर सर्विस बुक में चढ़ा देंगे."

चहा अर्धा तसाच ठेवून मी उठले, हे कबूल करते. पण माणूस आपल्या आकड्यांवर प्रेम करतो. नोंदी माझ्या बाजूने होत्या आणि चूक माझी नव्हती, असं मी स्वतःला रिक्षात बसल्यावर दोनदा बजावलं.

केंद्रावर रामटेकेकाका फाटकापाशीच उभे होते. उंच, वाळकुडे, हातांनी विणलेला निळा स्वेटर, खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. मी हिंदीत सुरुवात केली तर त्यांनी हातच वर केला.

"पुण्याहून आल्या ना जी? मंग मराठीत बोला की! इथं तं दिवसभर हिंदीच चालून राहते. घरी पोरगी बी हिंदीतच उत्तर देते. तोंड आंबून गेलं माझं."

त्यांनी मला सगळं केंद्र फिरवून दाखवलं. नदीचं पाणी येतं ती जागा, तुरटी कालवायची टाकी, गाळ बसायचे हौद, वाळूतून पाणी गाळायचे हौद, आणि शेवटी शहराला जाणाऱ्या पाण्याची मोठी टाकी. प्रत्येक व्हॉल्व्हच्या चाकाला ताजं ग्रीस होतं. अशी हाताची चाकं मी पंधरा-वीस शहरांत पाहिली आहेत; यंत्रणा आली की ती गंजून गच्च होतात आणि त्यांच्यावर कर्मचाऱ्यांचे टॉवेल वाळतात. इथे एकही टॉवेल नव्हता.

शेवटी मी विचारलंच. "काका, दुसऱ्या मंगळवारी यंत्रणा का बंद पडते?"

"पडत नाही जी. मी पाडतो."

"का?"

"उद्या मंगळवारच आहे ना, दुसरा? पाहून घ्या. आज सांगितलं तं बहाणा वाटन."

नोटिशीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांना माझं नाव माहीत नसावं, असा सोयीस्कर समज मी करून घेतला.

दुपारी त्यांना गोहलपुरला जायचं होतं, एका व्हॉल्व्हचा दांडा आणायला. "चला, पाहून घ्या तुम्ही बी," म्हणाले, आणि मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसले. गोहलपुरच्या गल्ल्यांत प्रत्येक दुकानातून काहीतरी अर्धं बाहेर आलेलं असतं. पत्रा, पाइप, सोफ्याचा सांगाडा, बकरी. एका लेथच्या कारखान्यात पांढऱ्या दाढीचे चाचा दांड्याला शेवटचा हात फिरवत होते. माझ्या यादीत याच भागापुढे मी 'कंपनी बंद, भाग अनुपलब्ध' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं.

"कंपनी बंद हुई होगी," चाचा म्हणाले, "हम तो खुले हैं." आणि त्यांनी मला दाराची आतली बाजू दाखवली. तिथे खडूने केंद्रातल्या चौदा भागांची मापं लिहून ठेवलेली होती. मी दाराचा फोटो काढला आणि लाल ओळ खोडली. येताना दांडा माझ्या मांडीवर होता, आणि रस्त्यात थांबून घेतलेले मूगडाळीचे गरम मंगोडे काकांच्या हँडलला लटकत होते. हिरव्या चटणीचा एक डाग अजून माझ्या ओढणीवर आहे, आणि मी तो घासून काढलेला नाही.

संध्याकाळी काका म्हणाले, "जेवायले घरीच चला. काकूनं पाटवड्या केल्या." नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही, आणि पाटवडीचं नाव काढल्यावर इच्छाही झाली नाही.

काका राहतात त्या रांझीत पोहोचलो तेव्हा जवळच्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्याची पाळी सुटली होती आणि रस्ताभर सायकली, मोटारसायकली आणि डबे खडखडत होते. काकांचे आजोबा भंडाऱ्याकडून याच कारखान्यात कामाला आले, तेव्हापासून हे कुटुंब इथलं. काकूंनी दारात "जय भीम" म्हणून हात जोडले आणि सरळ आत नेऊन पाटावर बसवलं. पाटवड्यांचा रस्सा असा झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं. सोबत ताज्या मटारचा भात, कांदा, लिंबू. पुण्यात आम्ही पाहुण्याला 'आणखी वाढू का' असं विचारतो. इथे विचारत नाहीत, वाढतात.

काकांची मुलगी शुभांगी शाळेत शिकवते. ती मघापासून दाराशीच उभी होती.

"शुभांगी, ताईले भाकर दे," काकू म्हणाल्या.

"मुझसे नहीं होगा, मम्मी," ती म्हणाली. "पप्पा को नोटिस इन्हीं की रिपोर्ट से मिला है. और आप इनको पाटवडी खिला रही हो."

मी हातातला घास ताटात ठेवला. काकांकडे पाहिलं तर ते शांतपणे लिंबू पिळत होते.

"तुम्हाला माहीत होतं, काका?"

"नोटिशीसंगं अहवाल जोडला होता ना जी. खाली सही तुमचीच आहे."

"मग मला घरी का आणलंत?"

उत्तर काकूंनी दिलं. "जेवायच्या वेळेले आलेल्या माणसाले असं विचारते का कोणी? जेवा आधी. भांडण मंग करू."

काका हसले, पण मग हळूच म्हणाले, "अडतीस वर्षं झाली ताई. सर्व्हिस बुकात एक लाल रेघ नाही. आता जाता जाता लागू नये, एवढंच वाटते. बाकी काही नाही." शुभांगीने माझ्या ताटात भाकरी वाढली, माझ्याकडे न बघता. मला इतकी लाज वाटली की रस्सा तिखट असल्याचं बरं वाटलं; डोळ्यांतल्या पाण्याला एक कारण होतं.

मंगळवार

दहाला पाच मिनिटं असताना पाळीवरची पाच माणसं आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. काका पडद्याच्या खोलीत. दुबेभैया नावाचे दणकट, मिश्किल ऑपरेटर पडद्यासमोर. दहा वाजता काकांनी किल्ली फिरवली आणि यंत्रणा 'ऑटो'वरून 'हाता'वर आली.

लगेच पडद्यावर प्रश्न उमटला: कारण निवडा. खाली चार पर्याय. दुबेभैयांनी क्षणाचाही विचार न करता पहिल्यावर बोट ठेवलं. 'बिघाड.'

"भैया, बिघाड कुठे आहे?" मी जवळजवळ ओरडलेच. "हे का निवडलंत?"

"सबसे ऊपर वही आता है, मैडम," दुबेभैया म्हणाले. "हम तो शुरू से वही दबा रहे हैं. जल्दी में नीचे कौन जाए?"

मी बाकीचे पर्याय वाचले. वीज नाही, दुरुस्ती, इतर. 'इतर'पुढे काही लिहायला जागाच नव्हती. म्हणजे 'सराव' असं कोणाला खरं खरं सांगायचं असतं तरी सांगता आलं नसतं. ही यादी कोणी केली असेल, असं मनात येईपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह दिसलं. आमच्याच कंपनीचं; नोंदींच्या याद्या यंत्रणा बसवणाऱ्यांना तेव्हा आम्हीच करून द्यायचो. यादी तपासून मंजूर करणारी कोण, ते मला चांगलंच आठवत होतं. मी आठ वर्षांपूर्वी फार कडक तपासनीस म्हणून प्रसिद्ध होते.

मी मोठमोठ्याने हसायला लागले. दुबेभैयांना काही कळलं नाही, पण तेही हसले.

पुढचे चार तास मी जे पाहिलं ते कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. कोण कोणतं चाक किती फेरे फिरवतं, कोण कोणाला हाक देतं, तुरटीचं पाणी काचेच्या भांड्यात उजेडाकडे धरून काका कसं पाहतात. सगळं बिनबोभाट. मलाही एक चाक मिळालं. "बावीस फेरे, डावीकडं," काका म्हणाले. मी उत्साहाने उजवीकडे फिरवलं. शिवाय उभी होते ती वाळूच्या हौदाच्या कठड्यापाशी, जिथे वाळू धुणारं पाणी उसळून वर येतं. डिसेंबरातलं ते गार पाणी कमरेपर्यंत अंगावर आलं. पाचही जणांनी मान फिरवून हसू दाबायचा प्रयत्न केला. दुबेभैयांना ते जमलं नाही. काकांनी अंगातला निळा स्वेटर काढून मला दिला आणि स्वतः दोन वाजेपर्यंत शर्टावर कुडकुडत फिरले.

"वीज पडली होती एकडाव," चहा पिताना त्यांनी सांगितलं. "यंत्रणा नवी होती. पॅनेल जळून गेलं. पोरं सगळी नवीन, पडद्यावर शिकलेली. कोणतं चाक आधी फिरवायचं कोणाले माहीत नाही, आन् चाकं बी गच्च. घमापुरच्या लोकायले तीन दिवस पाणी नाही. बाया हंडे घेऊन फाटकावर आल्या. काय सांगू त्यायले? पडदा बंद आहे म्हणून?" त्यांनी कप खाली ठेवला. "तेव्हापासून महिन्यातून एक मंगळवार. हात विसरले नाही पाहिजे."

मग ते मला मोठ्या टाकीवर घेऊन गेले. टाकीच्या भिंतीवर आतून रंगाने मापाची पट्टी काढलेली होती. काकांनी वाकून पाणी कुठवर आहे ते वाचलं आणि खाली पडद्याच्या खोलीत फोन लावला. दुबेभैयांनी पडद्यावरचा आकडा सांगितला. पडद्यावर वीतभर पाणी जास्त होतं.

"मागच्या महिन्यात चार बोटं होतं," काका म्हणाले. "मोजणारं उपकरण म्हातारं होऊन राहिलं. उन्हाळ्यापर्यंत पडदा म्हणन टाकी भरली, आन् टाकी असन अर्धी."

त्यांनी हे एका जाडजूड रजिस्टरमध्ये लिहिलं. मी पानं उलटत मागे गेले. प्रत्येक दुसरा मंगळवार, एका रकान्यात पट्टीचं माप, दुसऱ्यात पडद्याचं, तिसऱ्यात कोणतं चाक जड लागलं ते. आठ वर्षांचं. कुठला भाग कधी थकणार हे ठरवायला मी पुण्यात चार महिने जी माहिती शोधत होते, ती इथे कपाटात, बॉलपेनने लिहिलेली, बसून होती.

"हे तुम्ही कोणाला पाठवलं नाही?"

"मागितलंच नाही कोणी जी."

दुपारी मी लॉजवर आले आणि पुण्याला माझ्या साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'नव्याने मिळालेल्या माहितीनुसार निष्कर्षात किंचित बदल' असं लिही, कंपनीचं नाव खराब व्हायला नको. मी हो म्हटलं. मग लिहायला बसले आणि ते वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. त्या वाक्यात काकांची नोटीस जशीच्या तशी उभी होती. किंचित बदलाने कोणी नोटीस मागे घेत नाही. मी ते खोडलं आणि लिहिलं की पहिला निष्कर्ष माझा होता आणि तो चूक होता. 'बिघाड' ही नोंद आमच्या सदोष यादीमुळे पडली. या कर्मचाऱ्याने जे केलं ते खरं तर आम्ही सुचवायला हवं होतं. पुण्याच्या साहेबांना प्रत पाठवली आणि फोन बंद करून ठेवला. बरं वाटलं.

बुधवार

उपयंत्री साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. मला वाटलं आता आठवडाभर फाइल फिरणार. पण त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, गलती मान ली लिखित में? ऐसा तो हमने देखा नहीं." बारा वाजता नोटीस मागे घेतल्याचं पत्र काकांच्या हातात होतं. त्यांनी ते वाचलं, चार घड्या घातल्या आणि दुबेभैयांना म्हणाले, "चलो, आज मेरी छुट्टी लिख दो."

दुपारी आम्ही चौघं भेडाघाटला गेलो; काका, काकू, शुभांगी आणि मी. धुवांधारचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. पांढऱ्या संगमरवरी खडकांतून नर्मदा अशी काही कोसळते की खाली पाणी दिसतच नाही, नुसता तुषारांचा धूर. सगळे फोटो काढत होते. काका कठड्याला धरून बराच वेळ खाली पाहत राहिले आणि म्हणाले, "आज गढूळपणा कमी आहे. तुरटी कमी लागन." काकूंनी कपाळावर हात मारला.

शुभांगीने माझ्या हातात खव्याच्या जलेबीचा द्रोण दिला. काळसर, जाड, पाकाने ओथंबलेली जलेबी होती. "दीदी," ती म्हणाली, "परसों रात के लिए..." आणि द्रोणातली सर्वांत मोठी जलेबी बोटाने माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, "तुझ्या जागी असते तर मीही तेच बोलले असते." ती हसली आणि माझ्या द्रोणातली एक जलेबी उचलली.

मग मी काकांना योजनेचे छापलेले कागद दिले. पुढच्या दहा वर्षांची देखभाल, जबलपूरसाठी हिंदीत लिहिलेली. पहिलं कलम मी रात्रभर मनात घोळवलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता: 'रामटेके पद्धति: हर महीने के दूसरे मंगलवार को पूरा केंद्र हाथ से चलाया जाए.' त्यांचं नाव कागदावर खराब करायला निघाले होते, आता तेच नाव पहिल्या ओळीत ठेवून परतफेड करत होते.

काकांनी ओळीवर बोट ठेवलं. धबधब्याच्या आवाजात ते ओरडूनच म्हणाले, "हे काढा जी."

"काय काढू?"

"नाव!"

"अहो काका, तुमचंच आहे हे. तुम्ही सुरू केलंत."

"म्हणून तं म्हणतो." ते माझ्याजवळ सरकून बसले. "आमच्याकडं एक साहेब होते. त्यायनं केंद्रात झाडं लावली. सगळे म्हणत, साहेबांची बाग, साहेबांची बाग. साहेबांची बदली झाली. मंग पाणी कोण देते जी? ज्याची बाग त्यानं द्यावं. एका उन्हाळ्यात वाळून गेली सगळी." त्यांनी कागद गुडघ्यावर नीट केला. "माझं नाव राहिलं तं लोक म्हणतीन, रामटेकेचा मंगळवार होता, रामटेके गेला. माझ्यासंगं तोही रिटायर होईन."

दहा वर्षांच्या योजना लिहिण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. मी पेन काढलं आणि त्यांच्यासमोर नाव खोडलं. वर काय लिहू, म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं ते लिहिलं आणि कागद शुभांगीकडे दिला.

तिने मोठ्याने वाचलं. "जो भी ड्यूटी पर हो, वह हर महीने के दूसरे मंगलवार को पूरा केंद्र हाथ से चलाएगा."

"फिर से," काका म्हणाले. तिने पुन्हा वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि मग काकूंच्या हातातल्या द्रोणातून दिवसातली पहिली जलेबी घेतली.

"आता होऊ द्या मले रिटायर," ते म्हणाले.